बंदरावरची थाई खानावळ

घरांतील मुलगा किंवा सून नोकरीनिमित्त बँकॉककडे निघाली, म्हणजे वडीलधाऱ्या माणसांस पहिली काळजी पडते ती जेवणाची. ती काळजी अनाठायीं नाहीं. पण माहितीनें ती पुष्कळच हलकी होते.

त्या शहराचें खरें अन्न मोठ्या हॉटेलांत न शोधतां ख्लोंग तोय बंदराजवळच्या वस्तींत शोधावें. चाओ फ्राया नदीवरील या बंदरावर मजुरीसाठीं देशाच्या ईशान्य भागांतून पुष्कळ लोक आले. त्यांच्याबरोबर त्यांची चवही आली. खानावळीची मांडणी साधी. पुढें ओळीनें पातेलीं मांडलेलीं; बोटानें दाखवावें आणि भातावर वाढून घ्यावें. यास 'खाव केंग', म्हणजे भात-कालवण, म्हणतात. उजव्या हातांत चमचा, डाव्या हातांत कांटा. कांट्यानें भात चमच्यावर लोटावयाचा. सुरीचें काम पडत नाहीं, कारण जिन्नस आधींच बारीक चिरलेले असतात. ईशान्येकडील माणसें मात्र चिकट भाताची गोळी हातानेंच वळून खातात, आणि सोबत उखळींत कुटलेली कच्च्या पपईची तिखट-आंबट कोशिंबीर घेतात. चारपांच जण बसले, तर कालवणें मधोमध ठेवून जो तो सामाईक चमच्यानें आपल्या ताटांत घेतो. आपल्या उष्ट्या-खरकट्याच्या विचारासही तेथें फारशी ठेंच लागत नाहीं.

अडचण निराळीच आहे. बारीक मासे मिठांत कित्येक महिने मुरवून काढलेलें 'नाम प्ला' नांवाचें पाणी तेथें मिठाच्या जागीं वापरतात, आणि कालवणाच्या वाटणांत बहुधा कोळंबीचा खार असतो. म्हणून केवळ भाजी दिसते एवढ्यावरून पदार्थ शाकाहारी समजूं नये. यांत खानावळवाल्याचें कपट नाहीं. त्याच्या लेखीं तें मीठच.

उपाय दोन शब्दांत आहे. पहिला 'मंगसविरत', आपल्या 'मांस' आणि 'विरति' या शब्दांचेंच तें थाई रूप. पण त्यांत अंडें चालतें. दुसरा 'जे', तो अधिक कडक. त्यांत मांस, मासे, अंडें, दूध तर नाहींच, पण कांदा-लसूणही वर्ज्य! चातुर्मास पाळणाऱ्या घरास हें ऐकून नवल वाटेल. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यांत, बहुधा आपल्या शारदीय नवरात्राच्याच सुमारास, नऊ दिवस हें व्रत चालतें, आणि पिवळ्या निशाणावर लाल अक्षरें रंगवून तें अन्न विकतात. एरवींही कांहीं दुकानांवर तें निशाण दिसतें.

थाई माणूस भेटतांच पुष्कळदां 'भात खाल्लास का?' असें विचारतो. 'जेवण झालें का?' असें दारांतच विचारणाऱ्या आपल्या लोकांस त्यांतला जिव्हाळा सांगावयास नको. ज्यांचा कुशलप्रश्नच अन्नाचा, त्यांस आपला नेम नम्रपणें सांगितला, तर ते त्याचा मान राखतील. नेम सोडावयाचा नाहीं आणि यजमानाच्या अन्नास नाकही मुरडावयाचें नाहीं, एवढें शिकवून मुलांस निरोप द्यावा.