परभणी जिल्हा मावेल एवढी डबी

लग्नसराईत परभणीतल्या शूटिंगवाल्याच्या टेबलावर काळ्या डब्यांची चळत लागते. पत्त्यांच्या कॅटाएवढी एकेक हार्ड डिस्क, वर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने नवरा-नवरीची नावं. अशा एका डबीत १ टीबी, म्हणजे १ लाख कोटी बाइट मावतात.

हा आकडा डोक्यात शिरेना, म्हणून तो जिल्ह्यात वाटून पाहिला. संगणकात देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजायचे. ‘परभणी’ला १५ बाइट लागतात. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ होती. समान वाटणी केली तर माणशी सुमारे ५ लाख ४४ हजार बाइट, म्हणजे साधारण ३० हजार शब्द येतात. शंभर पानांचं पुस्तक, आणि तेही तान्ह्या बाळासकट प्रत्येकाचं! गंगाखेडच्या संत जनाबाईंच्या नावावरचे साडेतीनशेच्या आसपास अभंग एका माणसाच्या वाट्यात बसतात. ही सगळी पुस्तकं छापली, एकेक अर्धा सेंटिमीटर जाड धरून एकावर एक रचली, तर चळत ९ किलोमीटरच्या वर जाते. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर आहे.

१९५६ साली आलेलं आयबीएमचं पहिलं हार्ड डिस्क यंत्र टनभर वजनाचं होतं. २४ इंची ५० तबकड्या असूनही आजच्या मापात जेमतेम पावणेचार एमबी. त्यात सहाच परभणीकरांची पुस्तकं बसली असती.

मग आजची डबी भरते कशाने? व्हिडिओने. १०० मेगाबिटच्या वेगाने फोर-के शूटिंग केलं तर तासाला ४५ जीबी जातात. हळदीपासून पाठवणीपर्यंत दोन कॅमेरे अकरा-अकरा तास चालले की १८ लाख पुस्तकांची जागा संपली.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यात परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्याही आहेत. त्या सगळ्या ओव्यांचे शब्द अंदाजे ३० एमबी भरतील. लग्नाच्या व्हिडिओत एवढी जागा तीन सेकंदांत जाते.

तेव्हा घरात लग्न असेल तर त्या गर्दीत आजीला पाच मिनिटं बसवा, तिच्या ओव्या उतरवून घ्या आणि त्याच डिस्कवर ठेवा. दुसरी प्रत मात्र वेगळ्या घरात हवी. फिरत्या तबकडीत आणि तिच्यावरच्या वाचक टोकात केसाच्या हजाराव्या हिश्शाइतकंही अंतर नसतं. चालू डिस्क हातातून एकदा पडली तरी सगळं जाऊ शकतं.