मोटारीच्या डॅशबोर्डवरील प्रकाशमान तबकड्या

वेगमापक, इंधनमापक यांच्या मूळ तबकडीवर बसवायची स्वयंप्रकाशी पातळ फिल्म म्हणजे प्रकाशमान तबकडी. तिच्यातील झिंक सल्फाइडचा थर दोन विद्युतवाहक थरांमध्ये असतो. त्यांपैकी पुढचा पारदर्शक असतो. प्रत्यावर्ती विद्युतदाब मिळताच झिंक सल्फाइडचा थर सर्वत्र सारखा उजळतो. बॅटरीचा १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह त्यासाठी चालत नाही, म्हणून इन्व्हर्टर लागतो.

बसवताना प्रथम बॅटरीची ऋण तार काढावी. मग मीटरचा संच बाहेर काढून त्याची काच उतरवावी. काट्यांच्या मूळ जागा खुणेने नोंदवाव्यात आणि काटे सरळ वर उचलावेत. ते वाकडे ओढल्यास आतील नाजूक दांडी वाकते. नवी तबकडी नीट जुळवून तिची चपटी वायर न मुडपता बाहेर घ्यावी. इन्व्हर्टर फ्यूजमार्फत डॅशबोर्डच्या दिव्यांच्या तारेला जोडावा. त्याचा दाब साधारण शंभर व्होल्टच्या घरात असल्याने, तो चालू असताना जोडण्यांना हात लावू नये.

काटे खुणेवर बसवल्यानंतर वेगाचे वाचन जीपीएसशी ताडून पाहावे. काटा थोडा सरकला तरी वेग चुकीचा दिसतो. वापराबरोबर या तबकड्यांचा प्रकाश हळूहळू मंदावतो.