शेवयांची रॅकेट

मुलीच्या टेनिसच्या रॅकेटचे गटिंग तुटले, म्हणून परवा दुकानात गेलो. दुकानदाराने विचारले, "पॉलिएस्टरचे घालू का, सर? चेंडू छान फिरतो." मी पडलो मराठीचा मास्तर! चेंडू तारेने फिरतो की मनगटाने, हे मला काय ठाऊक? "उद्या सांगतो," म्हणून घरी आलो आणि या प्रश्नाच्या मागे लागलो. उत्तरपत्रिका तशाच पडून राहिल्या.

१९७० नंतरच्या काळात जर्मनीतील बव्हेरियात वेर्नर फिशर नावाचे एक गृहस्थ होते. व्यवसाय बागाइतीचा, नाद मात्र रॅकेटचा. नेहमीच्या रॅकेटमध्ये उभ्या-आडव्या तारा बाजेच्या विणीसारख्या एकमेकींच्या खालून-वरून जातात. फिशरने ती वीणच मोडली. आडव्या तारा मध्ये ठेवल्या आणि उभ्या तारांचे दोन थर केले, एक पुढून, एक मागून. गुंफण कुठेच नाही. वर प्लॅस्टिकच्या नळ्या चढवल्या. चेंडू आदळला की या मोकळ्या उभ्या तारा त्याच्याबरोबर बाजूला सरकत आणि झटक्याने जागेवर परत येत. येता येता चेंडूला अशी गिरकी देत की तो जाळ्यापलीकडे एकदम बुडे आणि टप्पा पडताच भलताच उसळे. लोकांनी तिला 'स्पॅगेटी' हे नाव ठेवले. आपल्या भाषेत शेवयांची रॅकेट!

१९७७ साली अमेरिकन स्पर्धेत माइक फिशबाख या फारशा कोणाला माहीत नसलेल्या खेळाडूने ती घेऊन स्टॅन स्मिथला हरवले. एके काळचा विंबल्डनविजेता बिचारा! पुढे पॅरिसमध्ये इली नास्तासेला याच रॅकेटने धूळ चारली. तो संतापला, पण गडी वस्ताद, थोड्याच दिवसांत त्याने स्वतःच ती हाती धरली. फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हान्स येथे अंतिम सामन्यात समोर होता गियेर्मो व्हिलास, मातीच्या मैदानावर सलग ५३ सामने जिंकलेला. पहिले दोन सेट ६-१, ७-५ असे गेले आणि व्हिलास चिडून मैदान सोडून निघून गेला. विक्रम तिथेच संपला.

आता खरी गंमत. नियमपुस्तकात चेंडूचे वजन होते, जाळ्याची उंची होती. रॅकेट कशाला म्हणावे, हे मात्र कुठेच नव्हते! पोळपाट घेऊन उतरले असते, तरी नियमाची हरकत नव्हती. प्रयोग आधी आणि व्याकरण मागाहून, हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो, पण इतके चोख उदाहरण कधी हाती आले नव्हते. आंतरराष्ट्रीय संघटनेने ऑक्टोबर १९७७ मध्ये तात्पुरती बंदी घातली आणि १९७८ मध्ये रॅकेटची पहिली व्याख्या केली: तारा एकमेकींत गुंफलेल्या किंवा जोडलेल्या हव्यात.

व्हिलासचा राग मला पटतो. आयुष्यभर घोटलेले मनगट एका विणीपुढे फिके पडावे, हे सोसणे कठीण. पण फिशरने तरी कोणता नियम मोडला होता?

पुढे १९९७ साली ब्राझीलचा गुस्ताव्हो कुएर्तेन पॉलिएस्टरच्या तारा घेऊन फ्रेंच स्पर्धा जिंकला आणि त्या तारांचा बोलबाला झाला. वेगवान छायाचित्रांत पाहावे तर काय, या गुळगुळीत उभ्या तारा चेंडूबरोबर सरकतात आणि झटक्याने परत येतात! गुंफण शाबूत, नियम शाबूत, आणि चेंडू पुन्हा गिरक्या घेतोच आहे.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन म्हटले, "घाला शेवया." दुकानदार माझ्याकडे पाहतच राहिला.