‘शेंद्रा’ : अक्षरे दोन, उत्तरे चार

छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा हे नाव औद्योगिक वसाहतीमुळे सर्वपरिचित आहे. या नावात अक्षरे किती, असे विचारल्यास शाळकरी मूलही ‘दोन’ असे उत्तर देईल. संगणकाकडून मात्र २१, ७, ३ आणि २ अशी चार उत्तरे मिळू शकतात. आपापल्या मोजमापानुसार ती चारही बरोबर आहेत.

युनिकोडमध्ये हे नाव श, एकार, अनुस्वार, द, हलन्त, र आणि आकार अशा सात चिन्हांनी लिहिले जाते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा व्यापते; म्हणून एकूण २१ बाइट. मायएसक्यूएल या डेटाबेसमधील ‘लेंग्थ’ हे फंक्शन बाइट मोजते आणि २१ सांगते. पोस्टग्रेसमधील त्याच नावाचे फंक्शन चिन्हे मोजते आणि ७ सांगते. वाचकाला दिसणारी अक्षरे मोजण्याचे युनिकोडचे नियम वेगळे आहेत. जुन्या नियमाने उत्तर ३ येत असे. २०२३ च्या १५.१ आवृत्तीत जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम आला आणि ते २ झाले.

मग मायएसक्यूएलचे ‘लेंग्थ’ का सुधारले जात नाही? कारण जुने असंख्य प्रोग्रॅम त्याच्याच आधारे साठवणुकीची जागा मोजतात. फंक्शनचा अर्थ अचानक बदलला तर ते बंद पडणार नाहीत, पण निमूटपणे चुकीचे हिशेब देऊ लागतील. म्हणून जुने तसेच ठेवून चिन्हे मोजण्यासाठी ‘कॅर-लेंग्थ’ हे वेगळे फंक्शन देण्यात आले आहे.

या तडजोडीची किंमत मराठीला मोजावी लागते. ओरॅकलमध्ये रकान्याची लांबी, वेगळे न सांगितल्यास, बाइटमध्ये धरली जाते. वीसच्या रकान्यात इंग्रजी ‘शेंद्रा’ सहज मावते, मराठी मावत नाही.

मोडीची गोष्ट अधिक गंभीर आहे. २०१४ साली युनिकोडमध्ये आलेल्या या लिपीच्या प्रत्येक चिन्हाला चार बाइट लागतात. मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ८’ तीन बाइटांपुढे जात नाही. त्याचा अर्थ न बदलता २०१० साली ‘यूटीएफ८एमबी४’ हा नवा संच देण्यात आला. २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून तोच मूळ निवड ठरला. जुन्या रकान्यात मोडी मजकूर भरल्यास, कडक तपासणी बंद असेल तर, पहिल्या मोडी चिन्हापासून पुढचा भाग कापला जाऊ शकतो. मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधात मोडी दस्तऐवजांना आलेले महत्त्व पाहता, असे नुकसान केवळ तांत्रिक म्हणता येणार नाही.

जुन्या नावाचा अर्थ बदलू नये, अचूक पर्यायाला नवे नाव द्यावे आणि नव्या कामासाठी तोच वापरावा, हा यातील व्यवहार्य मार्ग होय. मराठी माहितीचा डेटाबेस उभारणाऱ्याने ‘लांबी’ म्हणजे नेमके काय, हे पहिल्याच दिवशी ठरवले पाहिजे.