खोकताना लघवी सुटते? स्नायू पडद्यावर पाहता येतात

कल्याण-डोंबिवलीहून मुंबईला कामावर जायचे, तर लोकलमध्ये तासभर तरी जातोच. गाडीत स्वच्छतागृह नसते. बाळंतपणानंतर शिंकताना, खोकताना लघवी सुटणाऱ्या बाईला हा तास जड जातो. मग सकाळपासून पाणी कमी पिणे, पर्समध्ये पॅड ठेवणे सुरू होते. ‘बाळंतपणानंतर असे व्हायचेच’ म्हणून डॉक्टरांना मात्र सांगितले जात नाही.

मूत्राशयाला आणि मूत्रमार्गाला खालून स्नायूंचा झोळीसारखा आधार असतो. प्रसूतीत ही झोळी खूप ताणली जाते, कधी पुढच्या हाडापासून सुटतेही. चिमटा लावून केलेल्या प्रसूतीत हा धोका वाढतो. अमेरिकेतील डॉ. जॉन डीलान्सी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पहिल्या बाळंतपणानंतरच्या १६० स्त्रियांचे एमआरआय तपासले. त्यांतील निम्म्या जणींना लघवी गळण्याचा त्रास होता. ३२ जणींच्या स्नायूंत इजा दिसली आणि त्यांपैकी २३ जणींना हा त्रास होता. मूल न झालेल्या ८० जणींपैकी एकीलाही अशी इजा नव्हती. मात्र इजा असूनही ९ जणी कोरड्या होत्या. म्हणजे निदान केवळ चित्रावरून होत नाही.

एमआरआय महाग आहे. हे काम बरेचसे सोनोग्राफीवर होते. पोटाच्या सोनोग्राफीचाच प्रोब, त्यावर आवरण घालून, योनिमार्गाच्या बाहेर टेकवतात. क्ष-किरण लागत नाहीत. खोकायला सांगितले की मूत्राशयाचे तोंड किती खाली सरकते, हे पडद्यावर दिसते. लघवी करूनही किती उरते, तेही कळते.

सर्वांत मोठा उपयोग व्यायामासाठी. ‘लघवी रोखल्यासारखे स्नायू आवळा’ म्हटले की अनेकजणी ते वर ओढण्याऐवजी खाली जोर लावतात. पडद्यावर पाहून ही चूक तिथल्या तिथे सुधारता येते. पोट बांधल्याने या स्नायूंना बळ येत नाही.

प्रत्येकीला सोनोग्राफी लागतेच असे नाही. आधी लघवीची तपासणी आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली किमान तीन महिने व्यायाम: दिवसातून तीनदा, दर वेळी आठ आकुंचने. त्यानेही फरक पडला नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना या तपासणीबद्दल विचारावे. लघवीत रक्त, जळजळ किंवा लघवी अडणे असेल, तर मात्र थांबू नये.