विषाचे वावडे आणि विषाचाच उतारा

मधमाशी किंवा गांधीलमाशी डसली, तर बहुतेकांचे दोन दिवसांच्या सुजेवर आणि आगीवर भागते. परंतु काही थोड्यांना एकच दंश पुरतो. काही मिनिटांत अंगभर गांधी उठतात, घसा आवळतो, रक्तदाब उतरतो आणि माणूस कोसळतो. हा विषाचा जोर नव्हे, शरीराच्याच प्रतिकाराचा अतिरेक होय. आपण ज्याला वावडे म्हणतो, त्याचे हे उग्र रूप.

हे घडते कसे? आधीच्या एखाद्या दंशानंतर या माणसांच्या शरीरात विषाविरुद्ध 'आयजीई' नावाची प्रतिद्रव्ये तयार होतात आणि मास्ट पेशींना चिकटून बसतात. पुढच्या दंशाचे विष त्यांना भिडले, की त्या पेशी हिस्टमिनसारखी द्रव्ये एकदम बाहेर टाकतात.

मग तेच विष थोडेथोडे टोचून शरीराला सवय लावता येईल काय? १९३० पासून तसे प्रयत्न झाले. पण विषाऐवजी अख्खा कीटक वाटून त्याचा अर्क टोचला जाई. न्यूयॉर्कच्या डॉ. मेरी लव्हलेस यांनी १९५० नंतरच्या दशकात कीटकांच्या विषपिशव्याच काढून वापरल्या. तरीही अर्काची प्रथा चालूच राहिली. अखेर १९७८ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील डॉक्टरांनी याची रीतसर परीक्षा घेतली. रोग्यांचे तीन गट करून, उपचारानंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांना मुद्दाम दंश करवला. निरुपद्रवी पाणी टोचलेल्या १२ पैकी ७ जणांना त्रास झाला. अर्क घेतलेल्या ११ पैकीही ७ जणांना. शुद्ध विष घेतलेल्या १८ पैकी मात्र एकालाच! तात्पर्य, जवळजवळ पन्नास वर्षे विश्वासाने दिलेला अर्क पाण्याहून सरस नव्हता.

आज विषाची मात्रा अगदी अल्पांशापासून वाढवीत १०० मायक्रोग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण दोन मधमाश्यांच्या दंशाइतकी नेतात. पुढे महिन्या-दीड महिन्याने एकेक इंजेक्शन, असे तीन ते पाच वर्षे चालते. त्यामुळे गांधीलमाशीच्या बाबतीत शंभरांतील नव्वदांहून अधिक, तर मधमाशीच्या बाबतीत सुमारे ऐंशी जणांना संरक्षण मिळते.

मात्र हा उपाय घरी करण्याचा नव्हे. टोचतानाही तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. आणि प्रत्यक्ष संकटसमयी आधार एकच : मांडीच्या स्नायूत तत्काळ अ‍ॅड्रेनलिन, आणि लगोलग रुग्णालय. एकदा असा झटका येऊन गेलेल्याने 'निभावले' म्हणून स्वस्थ बसू नये. तज्ज्ञाकडून परीक्षा करून घ्यावी. दुसरा दंश सवड देईलच, असे नाही.