सव्वादोन माणसांचा धंदा

जानेवारी 2013 ते एप्रिल 2014 या काळात देशाची सहावी आर्थिक गणना झाली. शेतपीक सोडून देशात जे जे काही विकण्यासाठी बनवले जाते किंवा सेवा म्हणून दिले जाते, त्याची जागोजाग फिरून केलेली ती मोजदाद होती. तीत 5 कोटी 85 लाख आस्थापना सापडल्या आणि त्यांत काम करणारी 13 कोटी 13 लाख माणसे. भागाकार केला की एका आस्थापनेमागे 2.24 माणसे येतात, म्हणजे भारतातला सरासरी धंदा सव्वादोन माणसांचा. आकडा खरा आहे आणि भाषणात, अहवालात, परीक्षेच्या पुस्तकात तो शोभूनही दिसतो. पण पुणे जिल्ह्यात भीमेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या शिरूर आणि दौंड या तालुक्यांत तो घेऊन फिरले, तर सव्वादोन माणसांचा धंदा हुडकावा लागेल. तिथे एका टोकाला रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींतले कारखाने आहेत. दुसऱ्या टोकाला एकट्या माणसाची टपरी आहे, घरातले शिलाई मशीन आहे, दोन म्हशींचे दूध आहे. उद्योगांची नुसती संख्या आणि त्यांची सरासरी फारसे काही सांगत नाही. कामाची ठरते ती त्यांची आकारमानानुसार वाटणी, आणि तीही तालुक्यापर्यंत, जमल्यास गावापर्यंत उतरलेली. ती देऊ शकेल अशी यंत्रणा आपल्याकडे एकच आहे, आणि तिचाच आपल्याला विसर पडत चालला आहे.

ही यंत्रणा पन्नाशीच्या घरातली आहे. पहिली आर्थिक गणना 1977 साली झाली. तिचा मूळ हेतू पुढच्या नमुना पाहण्यांना पायाभूत यादी पुरवण्याचा होता. त्या वेळी शेतीबाहेरच्या आणि निदान एक पगारी माणूस असलेल्या आस्थापनाच मोजल्या गेल्या. एकट्याने किंवा घरच्यांच्या जिवावर चालणारा धंदा तिच्या लेखी नव्हताच. 1980 च्या दुसऱ्या गणनेने ही कसर भरून काढली. 1980 आणि 1990 च्या गणना जनगणनेच्या घरयादीबरोबर उरकल्या गेल्या, 1998 ची स्वतंत्रपणे झाली, नंतर 2005 आणि 2013. आस्थापनांचा आकडा 1980 मधल्या 1 कोटी 84 लाखांवरून 1990 मध्ये अडीच कोटींवर, 1998 मध्ये तीन कोटींच्या वर आणि 2005 मध्ये चार कोटींच्या पलीकडे गेला. महाराष्ट्रात हे काम अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडे असते आणि जिल्ह्याच्या पातळीवर जिल्हा सांख्यिकी कार्यालयाकडे. सहाव्या गणनेत महाराष्ट्रात 61 लाखांवर आस्थापना निघाल्या. त्यांच्या संख्येत उत्तर प्रदेश पुढे होता, पण त्यांत काम करणाऱ्या माणसांच्या संख्येत महाराष्ट्र पहिला आला. संख्या आणि आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एवढ्या एका उदाहरणावरूनही ध्यानात यावे.

गणनेचे खरे कसब तिच्या व्याख्येत आहे, आणि ते दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळावर पारखून पाहता येते. केडगाव-चौफुल्याच्या पट्ट्यात रस्त्याच्या कडेला चरक, चुलवाण आणि काहिल असा संसार मांडलेला असतो. चरकातून रस निघतो, वाळवलेली चिपाडे चुलवाणात जातात, कुणी जाळ सांभाळतो, आणि रस आटून काहिल कधी उतरवायची हे गुळव्या ठरवतो. या साखळीतली कोणती कडी उद्योग म्हणून मोजायची? ऊस लावणे आणि तोडणे हे पीक उत्पादन, म्हणून ते गणनेच्या बाहेर. त्याच उसाचा गूळ करून विकणे हे वस्तुनिर्माण, म्हणून ते आत. गुऱ्हाळ बारा महिने चालत नसेल तर त्याची नोंद हंगामी म्हणून होते, कारण वर्षभर, हंगामी आणि नैमित्तिक असे कामाचे तीन प्रकार गणना मानते. गुऱ्हाळवाल्याच्या गोठ्यातल्या म्हशींचे दूध घरातच संपत असेल तर मोजायचे नाही. त्यातले थोडे जरी डेअरीला जात असेल तर ती आणखी एक आस्थापना. म्हणजे सातबाऱ्यावर जो माणूस केवळ शेतकरी आहे, तो गणनेच्या तक्त्यात दोन धंद्यांचा मालक ठरू शकतो. हीच रेघ दौंड शहरात दुसऱ्या तऱ्हेने दिसते. रेल्वे जंक्शन ही वाहतूक सेवा, म्हणून मोजणीत येते. राज्य राखीव पोलिस दलाचे गट शासनव्यवहारात मोडतात, म्हणून सुटतात. संरक्षण आणि सक्तीची सामाजिक सुरक्षाही अशीच वगळलेली आहे. या रेघा मनमानी वाटतील, पण त्या सगळीकडे सारख्याच ओढल्या जातात. म्हणून तर दौंडचा आकडा शिरूरच्या आणि शिरूरचा आकडा संगमनेरच्या आकड्याशेजारी ठेवता येतो.

आता आकाराकडे येऊ. सहाव्या गणनेत साडेपंचाण्णव टक्के आस्थापनांत एक ते पाच माणसे होती, 3.13 टक्क्यांत सहा ते नऊ, आणि दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापना अवघ्या 1.37 टक्के. पगारी माणूस न ठेवता चालणाऱ्या जवळजवळ बहात्तर टक्के होत्या. तिसऱ्या हिश्शाहून जास्त धंदे तर राहत्या घरातच चालत होते. त्यांना पाटीही नव्हती आणि गाळाही नव्हता. या चित्रात सरासरी किती फसवते ते एका मानलेल्या उदाहरणाने पाहू. एका गावात हजार माणसांचा एक कारखाना आहे आणि एकेका माणसाच्या आठशे टपऱ्या, दुकाने, रिक्षा आहेत. एकूण माणसे अठराशे, आस्थापना आठशे एक, सरासरी सव्वादोन. दुसऱ्या गावात कारखाना नाही. आठशेच धंदे आहेत आणि प्रत्येकात दोन किंवा तीन माणसे आहेत. तिथेही सरासरी सव्वादोनच येऊ शकते. पण पहिल्या गावात कारखान्याची एक पाळी बंद झाली तर चहाच्या गाड्यापासून खोल्यांच्या भाड्यापर्यंत सगळ्यांना झळ बसते. दुसऱ्या गावात एक दुकान बंद पडले तर त्या एका घराचे हाल होतात. एकाच सरासरीखाली दोन पूर्ण वेगळ्या अर्थव्यवस्था दडलेल्या असतात.

शिरूर तालुक्याची नगर रस्त्यालगतची पट्टी या पहिल्या गावासारखी आहे. कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर आणि पुढे रांजणगाव असे कारखान्यांचे ठिपके त्या रस्त्यावर एकामागून एक लागतात. रांजणगावच्या पंचतारांकित औद्योगिक क्षेत्रात फ्रीज, टीव्ही आणि मोटारी बनवणाऱ्या नामांकित कंपन्या आहेत. तोच तालुका टाकळी हाजी, कवठे येमाईच्या बाजूला कांद्याचा आणि दुधाचा होतो. दौंडमध्ये कुरकुंभची रसायने, साखर कारखाने, गुऱ्हाळे आणि रेल्वे असे चार वेगवेगळ्या जातकुळीचे धंदे एकाच तहसिलीत नांदतात. कामगार विम्याचा दवाखाना कुठे हवा, आयटीआयमध्ये कोणता ट्रेड चालवावा, लहान कर्जाची गरज कोणत्या गावांना आहे, सांडपाण्याची व्यवस्था किती मोठी लागेल, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कुठल्या आकाराचे किती धंदे कोणत्या गावात आहेत यावर ठरते. शिवाय आकार हा कायद्यानेही घडतो. कामगार विमा साधारणपणे दहा माणसांपासून लागू होतो आणि भविष्य निर्वाह निधी विसापासून. महाराष्ट्राच्या 2017 च्या शॉप ॲक्टने दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीऐवजी नुसत्या सूचनेची सवलत दिली. अशा प्रत्येक उंबरठ्याच्या अलीकडे थांबण्याचा मोह मालकाला होणारच. नऊ आणि दहा यांच्या मध्ये किती धंदे अडकून बसले आहेत हे कळायचे असेल, तर आकारवार वाटणी पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

इथे पहिली हरकत येते. आता जीएसटी आहे, उद्यम नोंदणी आहे, सगळे संगणकावर आहे. मग दारोदार फिरण्याची गरज काय? हरकत वजनदार आहे, पण पुरी पडत नाही. उद्यम नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू झाली. ती पॅनवर आणि स्वयंघोषणेवर चालते आणि तिचा घटक उपक्रम आहे, जागा नव्हे. मुख्य कचेरी मुंबईत आणि कारखाना रांजणगावात असेल, तर नोंदणी एकच. जीएसटीही राज्यागणिक एका नोंदणीवर भागते. शिरूर, दौंड आणि पुणे अशा तीन ठिकाणी दुकाने असलेला व्यापारी तिथे एकदाच दिसतो. वस्तूंच्या व्यवहारात वर्षाला 40 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना सहसा नोंदणीची सक्तीही नाही, म्हणजे टपरी आणि गिरणी यातून सुटतात. त्यात लघुउद्योगाची व्याख्याही सारखी बदलते. 2006 च्या कायद्यात ती निव्वळ गुंतवणुकीवर होती. 2020 मध्ये तिला उलाढालीची जोड मिळाली आणि सूक्ष्म उद्योगाची मर्यादा एक कोटी गुंतवणूक व पाच कोटी उलाढाल अशी झाली. 1 एप्रिल 2025 पासून ती अडीच कोटी आणि दहा कोटी आहे. म्हणजे कारखान्यात एक माणूस वाढला नाही की कमी झाला नाही, तरी कालचा लघुउद्योग आज सूक्ष्म ठरू शकतो. नोंदणीपुस्तक सवलतीसाठी असते आणि सवलत मागणाऱ्यालाच ओळखते. न मागणाऱ्यांना मोजायचे असेल तर पायपीट करावीच लागते.

दुसरी हरकत अभ्यासकांची आहे. नमुना पाहणी स्वस्त, जलद आणि नेमकी असते, मग एवढा मोठा खटाटोप कशाला? नमुना पाहण्यांनी केलेले काम खरोखरच मोठे आहे. असंघटित उपक्रमांच्या वार्षिक पाहणीने 2023-24 मध्ये शेतीबाहेरच्या 7 कोटी 34 लाख आस्थापना आणि त्यांतली 12 कोटी 6 लाख माणसे असा अंदाज दिला. त्या क्षेत्रातली सरासरी दोनाच्याही खाली आहे. दुसऱ्या टोकाला उद्योगांची वार्षिक पाहणी नोंदणीकृत कारखान्यांचा हिशेब देते. 2022-23 मध्ये सुमारे अडीच लाख कारखान्यांत 1 कोटी 84 लाख माणसे होती, आणि कामगारांतले दहातले चार कंत्राटी होते. पण या दोन्हींच्या मधल्या फटीत पुष्कळ काही पडते. विक्रीसाठी गाई-म्हशी पाळणारा शिरूरचा दूधवाला दोन्हींत नाही, आणि सहाव्या गणनेत पिकाखेरीज शेतीसंलग्न आस्थापना तब्बल 1 कोटी 31 लाख होत्या. स्त्रियांच्या मालकीच्या 80 लाख आस्थापनांतल्या कितीतरी याच वर्गातल्या. 2025 पासून जिल्हा हा नमुन्याचा पायाभूत घटक मानला जातो, ही सुधारणा स्वागतार्ह आहे. तरी पुणे जिल्ह्याच्या बाबतीत त्याचा अर्थ हिंजवडीची संगणक कंपनी आणि दौंडचे गुऱ्हाळ एकाच टोपलीत पडणार असा होतो. शिवाय नमुना निवडायला यादी लागते. यादी दहा-बारा वर्षांची झाली की त्या काळात नव्याने उगवलेली बाजारपेठ नमुन्यात कमी उतरते. पाहणी आणि गणना यांत वैर नाही. पाहणीची अचूकता गणनेच्या ताजेपणावर पोसली जाते.

तिसरी हरकत सगळ्यांत बोचरी आहे: लोक खरे सांगत नाहीत, आणि सातव्या गणनेचे काय झाले ते बघा. सातवी गणना 2019 मध्ये सुरू झाली, काम सामाईक सेवा केंद्रांच्या कंपनीकडे गेले, मोबाइल ॲप आले, मध्येच कोविड आला. 2021 मध्ये क्षेत्रकाम संपले. पश्चिम बंगाल त्यात सहभागी झालाच नाही, आणि अंतिम निकाल प्रसिद्ध झालेले नाहीत. घरी आलेला प्रगणक कर खात्याचा माणूस असेल ही भीती लोकांच्या मनात असते हेही खरे. पण माहितीत दोष आहेत म्हणून ती झाकून ठेवली, तर दोष कुठे होते हेही झाकले जाते. जी माहिती छापली जाते तिच्यावर तालुक्यातला पत्रकार, व्यापारी संघटना, ग्रामपंचायत बोट ठेवू शकते की आमच्या गावात एवढीच दुकाने कशी? चीनने 2004 पासून ठरावीक अंतराने पाच आर्थिक गणना केल्या. अमेरिकेत 2 आणि 7 ने संपणाऱ्या प्रत्येक वर्षाची गणना होते. मोजणीवरचा विश्वास नियमितपणामुळे येतो.

शिरूरला तर या शिस्तीचा जुना वारसा आहे. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मान आणि न. वि. कानिटकर यांनी 1921 मध्ये प्रसिद्ध केलेला दख्खनच्या खेड्याचा दुसरा अभ्यास जातेगाव बुद्रुकचा होता. घरागणिक जमीन, कर्ज आणि उत्पन्न यांची झडती घेऊन त्यांनी एका कोरडवाहू गावाचा ताळेबंद मांडला. पुढे धनंजयराव गाडगीळ आणि गोखले अर्थशास्त्र संस्थेने पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचा आर्थिक भाग 1945 मध्ये निघाला. धोरण ठरवण्याआधी दारोदार जाऊन मोजा, ही या मातीतली रीत आहे. शंभर वर्षांपूर्वी दोन माणसांनी एका गावासाठी जे केले, ते आज हाताशी संगणक असताना एका तालुक्यासाठी जमू नये याला सबब नाही.

म्हणून मागण्या तीनच आहेत. सातव्या गणनेचे आकडे त्यांच्या त्रुटींच्या टिपणासह खुले करावेत. आठवी गणना पक्क्या वेळापत्रकाने व्हावी आणि कंत्राटी माणसाची नोंद ठेकेदाराच्या कचेरीत करायची की कारखान्यात, याचा नियम आधी छापून जाहीर व्हावा. आणि निकाल तालुकावार व आकारवार, एकट्याचे, दोन ते पाच, सहा ते नऊ, दहाच्या पुढे आणि शंभराच्या पुढे अशा रकान्यांत, जिल्ह्याच्या सामाजिक व आर्थिक समालोचनात मराठीत यावेत. राहिले वाचकाचे काम. प्रगणक दाराशी आला तर ओळखपत्र जरूर पाहावे, पण घरातले शिलाई मशीन, डेअरीला जाणारे दूध आणि हाताखालची खरी माणसे बिनदिक्कत सांगावीत. जो धंदा कागदावर नाही, त्याच्यासाठी रस्ता, कर्ज किंवा दवाखाना मागायला कुणीही जाऊ शकत नाही.